लहानपणी मेंदूला इजा, मोठेपणी डोपामिनचा घोळ: एनव्हीएचएलचा पेपर कसा वाचायचा आणि कसा समजावून सांगायचा

स्किझोफ्रेनियाच्या अ‍ॅनिमल मॉडेलवर सेमिनार द्यायचा असेल किंवा थिसिसचा पहिला चॅप्टर लिहायचा असेल तर एक वाक्य कधी ना कधी समोर येतंच, की नवजात रॅटच्या व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसला इजा केली आणि मोठेपणी त्याची डोपामिन सिस्टीम बिघडली. याच मॉडेलला एनव्हीएचएल (निओनेटल व्हेंट्रल हिप्पोकॅम्पल लीजन, लीजन म्हणजे इजा) म्हणतात. बहुतेक जण हे वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर टाकतात आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, "बिघडली म्हणजे डोपामिन वाढलं की कमी झालं?" आणि तिथे घोडं अडतं. कारण खरं उत्तर "तुम्ही नेमकं काय मोजलं त्यावर आहे" असं आहे, आणि ते उभ्या उभ्या सुचत नाही, त्यासाठी पेपर विशिष्ट क्रमाने वाचावा लागतो. तो क्रम कसा ते इथे लिहितोय, ज्यांना न्यूरोसायन्सची जुजबी ओळख आहे पण हे मॉडेल नवीन आहे अशांसाठी.

आधी कागदावर वयाची रेघ ओढा

अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचायच्या आधी एक आडवी रेघ मारा आणि त्यावर जन्माचा दिवस ० लिहा. मग ७, २१, ३५, ५६ असे दिवस मांडा. सातव्या दिवशी इजा, एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं आईपासून वेगळी, ३५ म्हणजे अजून वयात न आलेला रॅट, नरांमध्ये साधारण ४०-४५ च्या आसपास वयात येणं, आणि ५६ म्हणजे तरुण. आता पेपरमधली प्रत्येक टेस्ट या रेघेवर कुठे बसते ते बघा आणि तिथे खूण करा, बाकी काही नंतर.

हे इतकं महत्त्वाचं का, तर या मॉडेलची सगळी किंमत त्या दोन आकड्यांत आहे, ३५ आणि ५६. बार्बरा लिप्स्का, जॉर्ज यास्किव आणि डॅनियल वाइनबर्गर यांनी १९९३ मध्ये जे दाखवलं ते असं की सातव्या दिवशी इजा झालेला रॅट ३५ व्या दिवशी नवीन पिंजऱ्यात टाकला किंवा त्याला अ‍ॅम्फेटामिन दिलं तर तो इतरांसारखाच वागतो, आणि तोच प्रकार ५६ व्या दिवशी केला की तो जास्त पळापळ करतो. मधल्या काळात त्याला कोणी हात लावलेला नाही, दुसरी इजा नाही, औषध नाही, फक्त वय वाढलं. म्हणजे इजा जुनी पण परिणाम उशिरा. आणि स्किझोफ्रेनियात नेमकी हीच गोष्ट लोकांना छळत होती, की आजार साधारण विशीच्या आगेमागे दिसायला लागतो पण त्याची मुळं जन्माच्या आसपास असावीत असे पुरावे मिळत होते. वाइनबर्गर यांनी १९८७ मध्ये हा विचार मांडला होता, त्याच वर्षी रॉबिन मरे आणि शॉन लुइस यांनीही इंग्लंडमधून साधारण त्याच दिशेचं लिहिलं. रॅटचं मॉडेल म्हणजे त्या विचाराची परीक्षा होती, लहानपणची इजा इतकी वर्षं गप्प बसू शकते का याची.

पण एक सावधगिरी, सगळंच ५६ पर्यंत थांबत नाही. इतर रॅटशी मिसळणं कमी होणं, वर्किंग मेमरीच्या टेस्टमध्ये अडखळणं, या गोष्टी वयात यायच्या आधीपासून दिसतात. त्यामुळे "सगळी लक्षणं पौगंडावस्थेनंतर येतात" असं सरसकट लिहू नका. डोपामिनशी जवळून जोडलेल्या गोष्टी उशिरा येतात, सामाजिक आणि स्मृतीच्या काही आधी. माणसांतही आजार उघड व्हायच्या आधी मुलगा एकलकोंडा होता, अभ्यासात मागे पडत होता असं घरचे सांगतात, त्यामुळे हे जुळणं मला तरी पळापळीच्या आलेखापेक्षा जास्त लक्ष देण्यासारखं वाटतं, पण पेपरांत त्याला जागा कमी मिळते.

मेथड्स सेक्शन उघडा, इजा कशी केली ते बघा

हा भाग सगळे सोडून देतात आणि इथेच खरी मेख असते. मूळ पद्धत साधारण अशी. सात दिवसांचं पिल्लू बर्फात ठेवून थंड करतात, शरीर थंड पडलं की तीच भूल. मग त्याला छोट्या प्लॅटफॉर्मवर टेपने स्थिर करतात, डोक्याची कातडी कापून बाजूला करतात, आणि अजून मऊ असलेल्या कवटीतून बारीक सुई दोन्ही बाजूंना व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसपर्यंत खाली नेतात. प्रत्येक बाजूला ०.३ मायक्रोलिटर, त्यात ३ मायक्रोग्रॅम आयबोटेनिक अ‍ॅसिड, दोनेक मिनिटांत हळूहळू सोडतात. मग जखम बंद, पिल्लू गरम करून आईकडे परत.

आयबोटेनिक अ‍ॅसिड का, तर ते काही विषारी अळंब्यांत सापडणारं द्रव्य आहे आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनासारखं वागून त्याचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर इतके उत्तेजित करतं की पेशी मरते. मरतात त्या त्या जागच्या न्यूरॉनच्या पेशी, पण तिथून नुसतेच जाणारे दुसऱ्या भागांचे तंतू बऱ्यापैकी वाचतात. सुईने किंवा करंटने जाळलं असतं तर तंतूही तुटले असते आणि मग परिणाम कोणाच्या तुटण्याचा हे सांगता आलं नसतं.

आणि व्हेंट्रलच का? कारण रॅटच्या हिप्पोकॅम्पसचा वरचा म्हणजे डॉर्सल भाग जागा लक्षात ठेवण्यासाठी ओळखला जातो, पण खालचा व्हेंट्रल भाग थेट मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे (मेंदूचा पुढचा भाग) आणि न्यूक्लियस अक्युम्बेन्सकडे (खोलवरचा, डोपामिन पोचणारा भाग) ग्लुटामेटचे तंतू पाठवतो. डोपामिनचं जे राजकारण आहे ते याच दोन ठिकाणी. सातव्या दिवशी हे तंतू प्रीफ्रंटलमध्ये अजून नीट रुजायचे असतात, त्या वेळी ते उखडले तर प्रीफ्रंटल त्यांच्याशिवायच वाढतो.

आता इथे तपासायच्या गोष्टी. शॅम ग्रुप आहे का, म्हणजे तीच थंडी, तीच सुई, पण अ‍ॅसिडऐवजी कृत्रिम सेरेब्रोस्पायनल फ्लुइड? नुसत्या हात न लावलेल्या पिल्लांशी तुलना केली असेल तर थंडीचा आणि आईपासून काही तास दूर राहण्याचा परिणाम त्यात मिसळलेला आहे. शेवटी मेंदू कापून निस्सल स्टेनिंगने इजा कुठपर्यंत गेली ते बघितलं का, आणि एकाच बाजूला इजा झालेले किंवा थॅलॅमसपर्यंत पसरलेले रॅट बाद केले का, किती केले? चांगल्या पेपरमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी इजा दाखवणारी आकृती असते. ती नसेल तर पुढचा सगळा डेटा मी हातचं राखूनच वाचतो.

मोठ्या रॅटला तीच इजा केलेला ग्रुप आहे का हेही बघा. तो असेल तरच "लहानपणी" या शब्दाला वजन येतं, नाहीतर परिणाम हिप्पोकॅम्पस नसल्याचा की हिप्पोकॅम्पसशिवाय वाढल्याचा हे वेगळं करता येत नाही.

आणि एकाच आईची पिल्लं! एका खेपेतली आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र सॅम्पल नव्हेत, त्यांची आई एक, गर्भ एक, वाढ एक. प्रत्येक खेपेतून शॅम आणि लीजन दोन्ही घेतलेत का, आणि स्टॅटिस्टिक्समध्ये खेप धरली आहे का, हे या क्षेत्रातल्या पेपरांत बरेचदा गुलदस्त्यात असतं. कोणत्या जातीचा रॅट तेही बघा. लिप्स्का आणि वाइनबर्गर यांनीच १९९५ मध्ये फिशर, स्प्राग-डॉली आणि लुइस या तीन जातींची तुलना केली होती आणि एकाच इजेला तिघांचा प्रतिसाद वेगळा आला, फिशर जास्त नाजूक आणि लुइस चिवट. म्हणून दोन लॅबचे निकाल जुळत नसले की आधी जात बघायची, मग भांडायचं.

कोणतं औषध देऊन चाचपणी केली ते वेगळं काढा

आता मुख्य मुद्दा. "डोपामिन" हा शब्द पेपरमध्ये आला की लगेच विचारायचं, हे वागण्यावरून म्हणताय की प्रत्यक्ष मोजून?

वागण्यावरून म्हणजे काय, तर रॅटला एक औषध देतात आणि तो किती पळतो, किती हुंगतो, एकच हालचाल किती वेळा करतो ते मोजतात. अ‍ॅम्फेटामिन न्यूरॉनमधलं साठवलेलं डोपामिन बाहेर ढकलतं, म्हणजे त्याचा परिणाम पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही बाजूंवर अवलंबून. अ‍ॅपोमॉर्फिन मात्र थेट रिसेप्टरवर जाऊन बसतं, त्याला पाठवणाऱ्याची गरज नाही. हॅलोपेरिडॉल डोपामिनचा डी२ रिसेप्टर अडवतं आणि जास्त दिलं तर रॅट ठेवला तिथे पुतळ्यासारखा राहतो, त्याला कॅटलेप्सी म्हणतात.

हे तीन एकत्र ठेवा आणि बघा. एनव्हीएचएल रॅट मोठेपणी अ‍ॅम्फेटामिनवर जास्त पळतो. अ‍ॅपोमॉर्फिनवर त्याच त्या हालचाली जास्त करतो. हॅलोपेरिडॉलवर कॅटलेप्सी कमी होते. अ‍ॅपोमॉर्फिन आणि कॅटलेप्सीचं कामही १९९३ चंच, आणि तिथेही ३५ ला काही नाही, ५६ ला फरक. आता विचार करा, अ‍ॅपोमॉर्फिनला पाठवणाऱ्या न्यूरॉनची गरज नसताना फरक दिसतो म्हणजे घेणाऱ्या बाजूला, किंवा त्याच्याही पुढे सर्किटमध्ये, काहीतरी बदललंय.

मग प्रत्यक्ष मोजलं तर? मायक्रोडायलिसिस करतात, म्हणजे जागच्या जागी एक बारीक प्रोब घालायची, तिच्या पडद्यातून बाहेरचं द्रव थोडं थोडं गोळा करायचं, दर काही मिनिटांनी एक नमुना, आणि एचपीएलसीवर, म्हणजे द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, त्यात डोपामिन किती ते बघायचं. १९९९ मध्ये लिलरँक आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लियस अक्युम्बेन्समध्ये हे केलं आणि निघालं उलटंच, स्ट्रेस आणि अ‍ॅम्फेटामिन दिल्यावर एनव्हीएचएल रॅटमध्ये बाहेर येणारं डोपामिन जास्त नव्हे, कमी होतं. पळापळ जास्त, डोपामिन कमी! आवाज हळू झाला पण ऐकणाऱ्याचे कान तिखट झाले, तर घरात गोंगाट वाढल्यासारखंच वाटणार, तसा प्रकार.

सेमिनारमध्ये विचारला जाणारा "वाढलं की कमी झालं" हा प्रश्न इथे सुटतो. उत्तर द्यायचं ते असं, की डोपामिनला मिळणारा प्रतिसाद वाढला, सुटणारं डोपामिन वाढल्याचा पुरावा या मॉडेलमध्ये नाही. आणि लगेच पुढचं वाक्यही सांगायचं, कारण ते लपवलं तर कोणीतरी काढणारच: माणसांत उलट आहे. मार्क लारुएल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ब्रेन इमेजिंग करून दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये अ‍ॅम्फेटामिनने सुटणारं डोपामिन जास्त असतं. म्हणजे या एका बाबतीत मॉडेल आजाराशी जुळत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मॉडेल म्हणजे आजाराची झेरॉक्स नसते, पण न सांगणं मात्र वाईट.

रिसेप्टर मोजलेत असं पेपर म्हणत असेल तर कोणते आणि कसे ते बघा. फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लिंबिक भागांत डी३ रिसेप्टरचं बाइंडिंग कमी झाल्याचं दाखवलं. बाइंडिंग म्हणजे रिसेप्टरवर चिकटणाऱ्या किरणोत्सर्गी रेणूची मोजणी, एमआरएनए म्हणजे रिसेप्टर बनवायच्या पाककृतीच्या किती प्रती आहेत ते, आणि या दोन्हीतून रिसेप्टर किती काम करतोय हे कळत नाही. मेंदूचा सबंध तुकडा दळून त्यात डोपामिन किती ते मोजलं असेल तर ते बहुतांशी साठवलेलं डोपामिन आहे, सुटलेलं नव्हे. आलेखाच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय शीर्षकावर विश्वास ठेवायचा नाही.

ग्लुटामेटची बाजूही आहे. एमके-८०१ नावाचं एनएमडीए अडवणारं द्रव्य दिलं तरी हे रॅट मोठेपणी इतरांपेक्षा जास्त पळतात. अ‍ॅसिटिलकोलीनवरही काम झालंय आणि तिथेही प्रतिसाद बदललेला मिळतो, त्यामुळे ही गोष्ट एकट्या डोपामिनची नाहीच. पण सेमिनार वीस मिनिटांचा असेल तर डोपामिन आणि प्रीफ्रंटल एवढंच नीट सांगा.

पीपीआयचा आकडा स्वतः करून बघा

प्रीपल्स इनहिबिशन (पीपीआय) या टेस्टशिवाय असा पेपर क्वचितच असतो. मोठ्ठा आवाज, साधारण १२० डेसिबल, आला की रॅट दचकतो. त्याच्या आधी, समजा १०० मिलिसेकंद, एक हलका आवाज दिला तर दचकणं कमी होतं, कारण मेंदू सावध होऊन पुढचं गाळतो. हे गाळणं स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये कमी आढळतं आणि या रॅटमध्येही, इथेही वयात आल्यानंतरच.

हिशोब साधा. समजा नुसत्या मोठ्या आवाजाला दचकणं ४०० आलं आणि आधी हलका आवाज दिल्यावर १६० आलं, तर १६० भागिले ४०० म्हणजे ०.४, एकातून वजा केलं ०.६, म्हणजे पीपीआय ६० टक्के. आता गोम बघा. दुसऱ्या ग्रुपमध्ये मूळ दचकणंच २०० असेल आणि प्रीपल्सनंतर १२० आलं तर पीपीआय ४० टक्के, कमी दिसतो. पण तो कमी गाळण्यामुळे की मुळात रॅट कमी दचकतो म्हणून? म्हणून नुसता टक्का देणाऱ्या पेपरमध्ये मूळ दचकण्याचा आकडा शोधा. दोन्ही ग्रुपचं मूळ दचकणं सारखं असेल तर टक्का खुशाल वापरा.

आता प्रीफ्रंटलकडे या, खरं कारण तिथे आहे

इजा हिप्पोकॅम्पसला, गडबड डोपामिनमध्ये, मग मधला दुवा कोण? पेपर समजावताना या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

एक सुंदर प्रयोग आहे, १९९८ चा. लिप्स्का आणि सहकाऱ्यांनी एनव्हीएचएल रॅट मोठे झाल्यावर त्यांच्या मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सलाही इजा केली. दोन इजा म्हणजे जास्त बिघाड असं वाटेल, पण झालं उलट, वाढलेली पळापळ नॉर्मलच्या जवळ आली. याचा अर्थ हिप्पोकॅम्पस नसल्यामुळे थेट गडबड होत नाहीये, तर हिप्पोकॅम्पसशिवाय वाढलेला प्रीफ्रंटल चुकीचा वागतोय आणि खालच्या भागांना चुकीचे आदेश देतोय. तो गप्प केला की आदेशही थांबले. मला विचाराल तर या मॉडेलवरचा एकच प्रयोग सांगायची वेळ आली तर मी हा सांगेन, १९९३ चा मूळ पेपरही नंतर.

मग प्रीफ्रंटलमध्ये नेमकं काय बदललं? पॅट्रिशिओ ओ'डॉनेल यांच्या ग्रुपने तिथल्या पिरॅमिडल न्यूरॉनच्या आत इलेक्ट्रोड घालून बघितलं. डोपामिनचे न्यूरॉन जिथे असतात त्या व्हीटीएला उत्तेजना दिली की नॉर्मल मोठ्या रॅटचा पिरॅमिडल न्यूरॉन चार्ज होऊन वर राहतो पण फायरिंग दाबलेलं असतं, डोपामिन इथे आवर घालतं. एनव्हीएचएल रॅटमध्ये मोठेपणी त्याच उत्तेजनेला फायरिंग वाढतं. म्हणजे डोपामिन तेच, पण त्याचा अर्थ उलटा लागतोय.

हा आवर घालण्याचं काम बरंचसं गाबा सोडणाऱ्या छोट्या इंटरन्यूरॉनचं, विशेषतः पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या झपाट्याने फायर होणाऱ्यांचं. नॉर्मल रॅटमध्ये डी२ रिसेप्टर उत्तेजित केला की हे इंटरन्यूरॉन चेततात, पण ही सोय लहान रॅटमध्ये नसते, ती पौगंडावस्थेनंतर येते. एनव्हीएचएल रॅटमध्ये ती नीट येतच नाही, हे २००८ मध्ये कुएइ त्सेंग आणि ओ'डॉनेल यांच्या कामात दिसलं. गाबा बनवणाऱ्या जीएडी६७ या एन्झाइमचा एमआरएनएही प्रीफ्रंटलमध्ये कमी मिळाला, आणि स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या मरणोत्तर मेंदूंतही तोच कमी मिळतो.

आता पुन्हा सुरुवातीच्या रेघेकडे जा, डोपामिनच्या बाबतीत ३५ ला काही नाही आणि ५६ ला सगळं, हे का ते आता कळतं. ३५ व्या दिवशी नॉर्मल रॅटकडेही डी२ चा हा आवर नसतो, मग फरक दिसणार कसा? ज्याच्याकडे तो यायचा होता आणि आला नाही त्याचं उणेपण तो यायची वेळ झाल्यावरच उघड होणार. इजा "गप्प बसली" असं आपण म्हणतो खरं, पण गप्प वगैरे कोणी नव्हतं, त्या वयात तपासायला तो भाग तयारच नव्हता.

माकडांतही याचा पडताळा आहे. १९९८ मध्ये सॉन्डर्स, बाशेव्हालिए, वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवलं की जन्मानंतर लवकरच मीडियल टेम्पोरल लोब (हिप्पोकॅम्पस असलेला भाग) काढलेल्या माकडांत, मोठेपणी प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा स्ट्रायटममधल्या डोपामिनवरचा ताबा विस्कटलेला असतो, आणि मोठेपणी तीच इजा केलेल्या माकडांत तसं होत नाही. वर मोठ्या रॅटच्या ग्रुपबद्दल जे म्हटलं ते इथे थेट दिसतं.

मेंदूला भोक पाडायची गरजच आहे का

हा आक्षेप येतोच, आणि रास्त आहे. पेशंटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असं पेशी मेलेलं भोक सापडत नाही, आकार थोडा लहान असतो, जोडण्यांत फरक असतो, इतकंच. याला दोन उत्तरं तयार ठेवा.

पहिलं, २००२ मध्ये लिप्स्का आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅसिडऐवजी टेट्रोडोटॉक्सिन वापरलं. ते पेशी मारत नाही, सोडियम चॅनल अडवून तात्पुरतं गप्प करतं. सातव्या दिवशी व्हेंट्रल हिप्पोकॅम्पस काही काळ फक्त गप्प केला, कायमची इजा नाही, तरी मोठेपणी अ‍ॅम्फेटामिन आणि एमके-८०१ ला वाढीव प्रतिसाद मिळाला. म्हणजे त्या नाजूक वेळेला सिग्नल न पोचणंही पुरतं.

दुसरं, एमएएमचं मॉडेल. गरोदर रॅटला १७ व्या दिवशी मिथाइलअ‍ॅझॉक्सिमिथेनॉल अ‍ॅसिटेट देतात, जे विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं. १५ व्या दिवशी दिलं तर मेंदूच ठळकपणे लहान राहतो, म्हणून दिवस महत्त्वाचा. अँथनी ग्रेस यांच्या ग्रुपने दाखवलं की या रॅटमध्ये व्हेंट्रल हिप्पोकॅम्पस मेलेला नसतो, उलट जरुरीपेक्षा जास्त चालतो, पार्व्हाल्ब्युमिनवाले इंटरन्यूरॉन कमी पडतात, आणि परिणामी व्हीटीएमध्ये आपोआप फायर होणाऱ्या डोपामिन न्यूरॉनची संख्या वाढते. हिप्पोकॅम्पसमध्ये टेट्रोडोटॉक्सिन घातलं की ती खाली येते.

दोन्ही मॉडेल एकाच स्लाइडवर "हिप्पोकॅम्पस बिघाड" म्हणून टाकू नका. एकात तो नाहीसा केलाय, दुसऱ्यात तो अति चालतोय. मिळतंजुळतं आहे ते पुढे, वेळ पौगंडावस्थेनंतरची, इंटरन्यूरॉन दोन्हीकडे गुंतलेले, अ‍ॅम्फेटामिनला पळापळ दोन्हीकडे. नुसत्या डोपामिनच्या अतिरेकाबद्दल बोलायचं असेल तर एमएएम घ्या, प्रीफ्रंटलच्या अर्धवट वाढीबद्दल बोलायचं असेल तर एनव्हीएचएल.

उपचाराचा दावा असेल तर कधी दिला ते बघा

मोठ्या रॅटला हॅलोपेरिडॉल दिलं आणि पळापळ कमी झाली, यात फारसं काही नाही, डोपामिन अडवलं तर कोणताही रॅट कमी पळतो. शॅम ग्रुप किती कमी झाला आणि लीजन ग्रुप किती, ही तुलना हवी. त्यापेक्षा किती तरी रंजक आहे ते लक्षणं यायच्या आधी दिलेलं औषध. एमएएम रॅटला वयात यायच्या काळात डायझेपाम दिलं तर मोठेपणीची डोपामिन गडबड टळली, हे डू आणि ग्रेस यांनी २०१३ मध्ये दाखवलं. २०१४ मध्ये काबुन्गकाल आणि सहकाऱ्यांनी एनव्हीएचएल रॅटना लहानपणापासून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिलं आणि प्रीफ्रंटलमधले इंटरन्यूरॉन वाचले, पीपीआयही सुधारला. इजा तशीच होती, फक्त पुढचं बिघडणं अडवलं.

अशा पेपरवरून "मुलांना हे द्यावं" अशा उड्या मारू नयेत हे वेगळं सांगायला नको, कोणत्या मुलाला पुढे आजार होणार हेच आधी कळत नाही.

लिहिताना काही शब्द टाळा

"स्किझोफ्रेनिया झालेले रॅट" असं कुठेही नको. रॅटला आवाज ऐकू येतात का, कोणी आपल्यामागे लागलंय असं वाटतं का, हे विचारता येत नाही. "स्किझोफ्रेनियाशी संबंधित बदल" म्हणा. फेस, कन्स्ट्रक्ट आणि प्रेडिक्टिव्ह व्हॅलिडिटी या तीन नावांनी परीक्षक विचारतात, तेव्हा फेस म्हणजे वरून दिसणारं साम्य, पळापळ आणि पीपीआय. कन्स्ट्रक्ट म्हणजे कारणाचं साम्य, आणि इथे वर सांगितलेला भोकाचा प्रश्न प्रामाणिकपणे सांगा. प्रेडिक्टिव्ह म्हणजे इथे चाललेलं औषध माणसात चालेल का. तिसऱ्यात अजून दम नाही, कारण मॉडेल जुन्या डी२ औषधांना ओळखतं, पण भावनाशून्यता किंवा विस्कळीत विचार यांवरच्या नव्या औषधांबाबत भरवशाचं उत्तर त्यातून मिळालेलं नाही.

शेवटची तपासणी, रॅट कसे ठेवले होते ते. आईपासून वेगळे केल्यावर एकेकटे ठेवले असतील तर थांबा, कारण लहानपणापासून एकटं वाढवलं की कुठलीही इजा न करताही रॅटचा पीपीआय घसरतो आणि डोपामिनचा प्रतिसाद बदलतो. ही माहिती मेथड्सच्या एका ओळीत असते, "हाउस्ड इंडिव्हिज्युअली" की "इन पेअर्स", आणि एकटे ठेवले असतील तर शॅम ग्रुपचाही पीपीआय आधीच पडलेला असणार, त्यामुळे फरक का दिसला नाही याचं उत्तर त्या ओळीतच सापडू शकतं.